लिहून दिलेले मनोगत

“ताई दिसत्यात सर, पण बोललेलं ऐकू येईना,” सगुणा कोठीच्या दारातून म्हणाली. मी तपासायच्या वह्या पायरीवर ठेवल्या आणि आत गेलो.

तांदळाच्या दोन पोत्यांवर फळी टाकून तिच्यावर टॅब उभा केला होता. पडद्यावर समुपदेशक रेवती शिरगुप्पे यांचे ओठ हलत होते. आवाज मात्र कोल्हापूर आणि हुंबरवाडी यांच्यामधल्या कुठल्याशा वळणावर अडकून पडला होता. मी टॅब बंद करून पुन्हा सुरू केला. “ऐकू येतंय का गं बाळा?” हा प्रश्न एकाएकी कोठीभर घुमला. सगुणाने घाईघाईने इअरफोन कानांत घातले. “आलं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी बाहेर जाण्याची ती वाट पाहत होती.

मी बाहेर आलो, दार ओढून घेतले आणि पुन्हा पायरीवर बसलो.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. त्या वर्षी शासनाने डोंगराळ भागातल्या शाळांसाठी दूरसमुपदेशनाची योजना काढली होती. शाळेला एक टॅब, इंटरनेटची जोडणी आणि आठवड्यातून एकदा पडद्यावर येऊन मुलांशी एकेकट्याने बोलणारी समुपदेशक. अनुदान एका वर्षाचे; पुढचे पुढे पाहू, अशा अर्थाचा मजकूर. आमच्या तालुक्यातल्या बारा शाळांना ती मिळाली, त्यांत हुंबरवाडीचे हायस्कूल होते. मी चोवीस वर्षांचा होतो. मराठीत एम. ए. झालो होतो. नव्या कवितेच्या नादाने सगळ्याच गोष्टींकडे थोडे तिरपे आणि थोडे उदास पाहण्याची सवय मला लागली होती, आणि ती सवय म्हणजेच आपली संवेदनशीलता, असा माझा समज होता. शिक्षकांत सर्वांत धाकटा म्हणून योजनेचे काम माझ्याकडे आले.

इंटरनेटची तार मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत आली होती. तिथे बसवलेले मूल बोलणार काय? भिंतीपलीकडची पोषण आहाराची कोठी हीच एक जागा अशी होती की जिथे वायफाय पोचत होते आणि दार लागत होते. म्हणून दर बुधवारी तांदूळ, मूगडाळ आणि तिखटामिठाच्या डब्यांमध्ये मुले एकेक करून जाऊन बसत. सूचनापत्रात लिहिले होते : शिक्षकाने जोडणी करून द्यावी व दूर थांबावे. दूर म्हणजे किती, ते लिहिले नव्हते. जोडणी घटकेघटकेला तुटायची, या सबबीवर मी पायरी धरून होतो. माझ्या डोक्यावर, दाराच्या वर, उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी ठोकलेला झरोका होता. त्यातून मला संभाषणाची एकच बाजू ऐकू येई. मुलांची.

सगुणा झोरे नववीत होती. वरच्या धनगरवाड्यावरून सव्वा तास उतरून शाळेत यायची. त्या पावसाळ्यात नाचणीच्या शेतात तिच्या आईला साप डसला आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. तेव्हापासून सगुणाचे बोलणे बंद झाले होते. हजेरीला नुसता हात वर करायची. गणपतीनंतर योजना सुरू झाली तेव्हा पहिले तीन बुधवार ती आत गेली आणि मला झरोक्यातून काहीच ऐकू आले नाही. चौथ्या बुधवारी “व्हय ताई” एवढे आले. आणि त्या दिवशी, आवाज अडकून सुटल्यावर, ती बोलली. फार हळू; मध्येच पलीकडचे ऐकायला थांबत.

“आबानं मला जीपवाल्याकडं धाडलं. मी पळत व्हते… चपलेचा अंगठा तुटला… न्हाई ताई, टाकून न्हाई पळाले. नवी व्हती. आईनंच घेतलेली. एक गवतात उडाली, ती हुडकत बसले…” पलीकडून काही विचारले असावे. “ठावं न्हाई किती येळ… न्हाई, कुणालाच न्हाई सांगितलं.”

लाल पेन माझ्या हातात तसेच होते. वहीवर त्याचा ठिपका पसरत गेला, तो मी पाहत राहिलो. उठून जाता आले असते. समोर केवढे तरी मोकळे मैदान होते.

त्यानंतर सगुणा हळूहळू परत आली, असेच म्हणावे लागेल. हजेरीला ‘हजर’ म्हणू लागली. जानेवारीत एकदा खिचडी शिजवणाऱ्या तानूबाई मुद्दाम माझ्याकडे आल्या. “सर, झोऱ्याची पोरगी आज नळावर शिव्या घालत व्हती. चांगल्या लांबलचक. आयकून बरं वाटलं बघा.”

फेब्रुवारीत पत्र आले. मुख्याध्यापक चौगुले सरांनी ते माझ्यापुढे सरकवले.

“वाचा हेरवाडे. बारातल्या पाच शाळा ठेवणार. समिती येणार, बघणार, मग पुढच्या सालचं अनुदान. उरलेल्यांनी टॅब खोक्यात घालून परत पाठवायचा.”

“आपल्या नोंदी चांगल्या आहेत सर.”

“नोंदी कुणाच्या वाईट असतात? खालची ओळ वाचा.”

खाली लिहिले होते : भेटीच्या वेळी एका लाभार्थी विद्यार्थ्याचे मनोगत ठेवावे.

मनोगत हे हुंबरवाडीत माझे खाते होते. निरोप समारंभाला दहावीच्या मुलीचे, स्वातंत्र्यदिनाला सातवीच्या मुलाचे, एकदा तर सत्काराला उत्तर देणाऱ्या सरपंचांचेसुद्धा मनोगत मी लिहून दिले होते. शिक्षकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पाठ करून म्हणायचे, यात कोणालाही काही वावगे वाटत नसे. मलाही नाही. माझ्या कविता कोणी छापत नव्हते. मनोगतांना मात्र टाळ्या पडत.

“सगुणा झोरे,” मी म्हणालो. त्यांनी अजून कोणाचे नाव विचारलेही नव्हते.

“ती बोलंल?”

“पाठ करून म्हणेल.”

“मग लिहा कवी. असं लिहा, की साहेबानं रुमाल काढला पाहिजे.”

रेवतीताईंचा नंबर माझ्याकडे होता. मी त्यांना विचारले नाही. विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मला ठाऊक होते. आणि बुधवार बंद झाले तर सगुणाचे काय होईल, हेही मला ठाऊक आहे असे वाटत होते.

सगुणाला मी मैदानाच्या कडेला गाठले. ती रिकामी बाटली नळाखाली धरून उभी होती.

“समितीपुढे तुला चार-पाच मिनिटं बोलायचं आहे. मी लिहून देतो.”

“मी बोलले तर ताई ऱ्हातील?”

“राहतील.”

“आणि न्हाई बोलले तर?”

“सांगता येत नाही.”

बाटली भरून वाहू लागली. तिने नळ बंद केला. “मग लिवा,” ती म्हणाली.

रविवारची सगळी सकाळ मी त्यावर घालवली. माझ्या खोलीसमोर सावर फुलली होती. पान एकही नाही, नुसती लाल फुले. खोटे कशाला बोलू, त्या सकाळी मी सुखी होतो. वाक्ये आपण होऊन येत होती. कुणाच्या दुःखाला आपण रूप देत आहोत, या कल्पनेची एक नशा असते, आणि ती चढलेल्या माणसाला आपण काय हातात घेतले आहे हे दिसत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिने कागद हातात घेतला आणि फळ्याकडे पाठ करून वाचू लागली.

“सन्माननीय व्यासपीठ, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो. आई गेली तेव्हा भर दिवस होता. पण माझ्या पावलांना काळाची ठेच लागली…”

ती थांबली.

“वाच पुढे. ‘आणि माझे शब्द त्या बांधावरच राहून गेले.’ छान वाचतेस.”

“सर, ही ठेच कंची?”

“खरी ठेच नव्हे गं. आपण आठवीत अलंकार शिकलो ना, तसं.”

“ठेच न्हाई लागली मला.” ती कागदाकडेच पाहत होती. “चप्पल तुटली व्हती.”

बाहेर कोणीतरी बाक ओढत नेत होते.

“तुमी पायरीवर बसून ऐकत व्हता?”

“जोडणी तुटते म्हणून बसावं लागतं. थोडं कानावर आलं.”

“थोडं?”

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“त्या दिवशी आबा बी येणार न्हवं?”

“पालकांना बोलावलंय.”

“मग चप्पल न्हाई लिवली ते बरं केलं. त्यास्नी ठावं न्हाई.” आणि थोड्या वेळाने, जणू हिशेब पुरा करत, “ठेचच असू द्या.”

तिथे थांबता आले असते. पण ती स्वतःच तयार झाली आहे, असे मी मनाला सांगितले आणि शिकवू लागलो. ‘ठेच’ म्हटल्यावर दोन क्षण थांब. ‘शब्द’ म्हणताना हात छातीवर. शेवटी आवाज खाली आण. चार दिवस ती रोज म्हणून दाखवत होती. “झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे,” मी बजावले. शुक्रवारी तिने डोळे मिटून एकदाही न अडखळता म्हटले.

समिती आली. तिघे जण होते. कोठीवर ‘समुपदेशन कक्ष’ असा फलक लावला होता आणि पोती पलीकडच्या खोलीत हलवून आत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी आत डोकावून पाहिले, हवेत वास घेतला. “डाळीचा वास येतोय,” ते म्हणाले. “डोंगरातली हवाच तशी साहेब,” चौगुले सर म्हणाले, आणि सगळे हसले.

मग मैदानावरच्या मंडपात सगुणा उभी राहिली. शेवटच्या रांगेत, पालकांच्या मागे, तिचे आबा खांद्यावरचे घोंगडे सावरत उभे होते. बसा म्हटले तरी खुर्चीवर बसले नाहीत. ती एकदाही चुकली नाही. ‘ठेच’नंतर थांबली तेव्हा मंडपात चिमणीसुद्धा हलली नाही. हात छातीवर गेला. आवाज खाली आला. समितीतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि साहेबांनी खरोखरच रुमाल काढला.

“कोणी लिहून दिलं?” त्यांनी विचारले.

“तिचंच आहे साहेब,” चौगुले सर म्हणाले. “मनातलं.”

टाळ्या वाजत राहिल्या. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत; ते लेकीकडे पाहत होते, एखाद्या पाहुण्याच्या मुलीकडे पाहावे तसे. माझ्या शेजारी तानूबाई उभ्या होत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “पोरीनं सगळ्यास्नी रडवलं गं बाई. फकस्त ती तेवढी न्हाई रडली.”

पंधरा दिवसांत पत्र आले. पाचांत आमची शाळा होती. चौगुले सरांनी पेढे वाटले आणि माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की चहा सांडला.

त्याआधीच, समितीनंतरच्या पहिल्याच बुधवारी, मी पायरीवर बसलो होतो. पोती परत आली होती, फळी जागेवर होती. सगुणा आत गेली, आणि झरोक्यातून तिचा स्वच्छ, उंच, सभेतला आवाज आला.

“आई गेली तेव्हा भर दिवस होता, ताई. पण माझ्या पावलांना काळाची ठेच लागली.”

ती दोन क्षण थांबली.

पुढचे मला ऐकवेना, तरी ऐकले. सगळे जसेच्या तसे. मग दार उघडले. “ताई तुमास्नी बोलवत्यात,” ती म्हणाली आणि वर्गाकडे निघून गेली.

रेवतीताई पडद्यावर गालाला हात लावून बसल्या होत्या.

“सर, आज सगुणा फार सुंदर बोलली.”

“हो?”

“गेल्या पाच महिन्यांत ती माझ्याशी एकही सुंदर वाक्य बोलली नव्हती. मी विचारलं, म्हणजे काय झालं गं त्या दिवशी? तर तेच पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तेच. हे कुठून आलं?”

मी सांगितले. पत्र, मनोगत, मैदानाकडेचे बोलणे, तालीम. सांगता सांगता माझे बोलणे आखूड होत गेले.

“तुम्हाला ठेच कशी सुचली?”

माझी नजर झरोक्याकडे गेली. त्यांनी ते उत्तर समजून घेतले.

“किती ऐकलंत?”

“सगळं.”

रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत राहिल्या. “यानं योजना कदाचित वाचेल. मला त्याचा आनंदही होईल. पुढच्या बुधवारी तुम्ही कुठे बसाल?”

“मैदानाच्या टोकाला फणस आहे.”

“तिथे आतलं काही ऐकू येतं?”

“नाही.”

“मग तिथे बसा.”

“जोडणी तुटली तर?”

“तुटू दे. तिला हवं असेल तर ती येईल तुमच्यापर्यंत चालत.”

त्याच दुपारी मी सगुणाला थांबवले. “ते मनोगत माझं होतं. तुझं नव्हतं,” मी म्हणालो. “माझं चुकलं. तू ते विसरून जा.”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

“पाठ झालंय न्हवं सर. आता कसं इसरू?”

मार्च गेला. दर बुधवारी ती आत जाई आणि पाच मिनिटांत बाहेर येई. एवढ्या वेळात ते मनोगत बरोबर एकदा म्हणून होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? फणसाला बोटाएवढी फळे धरली होती. मी त्याखाली वह्या घेऊन बसे आणि एकही तपासून होत नसे. नोंदवहीत ‘चर्चेचा विषय’ असा एक रकाना होता. तो मी आधी मोठ्या तत्परतेने भरत असे. आता तो रिकामा जाऊ लागला. तालुक्याहून फोन आला, “अहो सर, काय बोलणं झालं ते दोन शब्दांत टाका की.” मला माहीत नाही, एवढेच मी सांगितले.

ती योजना पुढे आणखी तीन वर्षे चालली. मी तिथून बदलून आलो, कविता केव्हाच सुटल्या. तरी चैत्रातल्या उन्हाचा एक विशिष्ट पांढरा रंग कुठे दिसला, की मला ते मैदान दिसते. अर्धवट पुसलेल्या कबड्डीच्या रेघा, फणसाची सावली, आणि पलीकडे मिटलेले कोठीचे निळे दार. माझ्या साऱ्या तारुण्यात मी इतके टक लावून दुसरे काही पाहिले नसेल.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा बुधवार. सगुणाची पाळी शेवटची होती. ती अकराला आत गेली. पाच मिनिटे झाली. दहा. दार उघडले नाही. अकरा वीस, अकरा तीस. तितक्यात तानूबाई परात घेऊन कोठीकडे निघालेल्या दिसल्या, आणि मी वह्या टाकून मैदान पळत ओलांडले. दारापासून तीस-चाळीस पावलांवर त्यांना अडवले.

“थांबा तानूबाई.”

“थांबा काय? आधण उकळून निम्मं झालं. तांदूळ आत हाय.”

“सगुणा आत आहे.”

त्यांनी दाराकडे पाहिले. मग माझ्याकडे. “अजून?”

“अजून.”

“मग जावा की जवळ. बघा तरी सपलंय का.”

“इथूनच बरं.”

तानूबाई परात मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसलो.

बारा वाजले. सव्वाबारा. वर्गांतून ताटल्या वाजू लागल्या. आधी एक, मग दहा, मग दीडशे. चौगुले सर घाम पुसत आले.

“हेरवाडे, हे काय चाललंय? सुट्टी कधी द्यायची? पोरं ताटल्या चावायला लागली!”

“तासभर उशिरा द्या सर.”

“आणि वरनं कुणी तपासणीला आलं, तर काय सांगू? जेवण का शिजलं नाही?”

“अनुदान ज्यासाठी मिळालं, ते काम चाललंय, असं सांगा.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी जहरी बोलायला तोंड उघडले, दाराकडे नजर गेली आणि ते मिटले. वर्गांकडे वळून ते ओरडले, “ए, ताटल्या खाली! जो वाजवेल त्याला सगळ्यांत शेवटी वाढणार!” सगळीकडे शांत झाले. त्या शांततेतही तीस-चाळीस पावलांवरून आतले काही ऐकू येत नव्हते. फक्त उन्हात तडकणाऱ्या कौलांचा आवाज.

एक वाजायला आला तेव्हा दार उघडले. सगुणाचा चेहरा सुजला होता. केस कपाळाला चिकटले होते, नाक लाल, ओढणीचे टोक ओले पिळा घातलेले. दारातच थांबून तिने पाहिले : तानूबाई, परात, खिडक्याखिडक्यांतून बाहेर काढलेली डोकी.

“जेवण झालं न्हाई?” तिने विचारले.

“आता हुईल,” तानूबाई उठत म्हणाल्या. “आज सगळ्यास्नीच भूक उशिरा लागली बघ.”

त्या आत शिरल्या. सगुणा माझ्यापाशी आली. ओढणीने नाक पुसले, आणि अपराध कबूल करावा अशा आवाजात म्हणाली,

“सर, ताईंसमोर मनोगत मधीच इसरले. पुढची वळच आठवंना.”

“मग?”

“मग काय. जे आलं ते बोलले.”

काय आले, ते मी विचारले नाही. आतून तानूबाईंनी हाक मारली, “अगं ये, पोतं धर जरा!” आणि ती पळतच आत गेली.